दुबईचं केशर

माझा मुलगा तरुणपणी दोन वर्षं दुबईला होता, असं न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी माणसांना आजही वाटतं. तो दुबईला कधीच नव्हता. तो इराकमध्ये होता, अमेरिकन सैन्यात. थाप पहिल्यांदा मारली ती माझ्या नवऱ्याने, पण तिला खाऊपिऊ घालून बाळसं आणलं ते मी. तेव्हा कुणाला बोल लावायचा तर मला लावा, ते बिचारे आता राहिलेही नाहीत.

लाजिरवाणी गोष्ट अशी की माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. माझे सख्खे काका सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते सुट्टीवर यायचे तेव्हा एसटीतून उतरून घरी पोचायला त्यांना तासभर लागायचा, कारण दर दारात चहा. काकूला गावात कुणी नावाने हाक मारत नसे, सुभेदारीणबाई म्हणत, आणि ती पाण्याला निघाली की बायका तिला नळावर पुढे जाऊ देत. असल्या घरातली मी. आणि माझ्या पोटच्या पोराने गणवेश घातला तेव्हा मी तो पदराखाली झाकला. का, तर इथे आमच्या ओळखीत कुणाचा मुलगा सर्जन, कुणाची मुलगी वकील, उरलेली सगळी कॉम्प्युटरवाली. सैन्यात जातात ती दुसऱ्यांची मुलं, असं आम्ही मनात पक्कं ठरवून टाकलं होतं.

त्याने आम्हाला सांगितलं ते एका शनिवारी, पोहे खाताना. कॉलेजची दोन वर्षं झाली होती, मार्क चांगले होते. म्हणाला, सही केली आहे, पुढच्या महिन्यात ट्रेनिंग. माझा नवरा पुण्याचा. आवाज न चढवता समोरच्याचं सालपट काढण्यात पटाईत. म्हणाले, "छान. म्हणजे आम्ही इथे येऊन हाडं झिजवली ती यासाठी." आणि बशी तशीच ठेवून उठले. मी त्यांच्या उलट, मी घर डोक्यावर घेतलं. "तुला काय कमी केलं रे आम्ही? काय कमी केलं?" तो शांतपणे म्हणाला, "कमी काहीच नाही, आई. दॅट्स द थिंग." मला त्या वाक्याचा अर्थ तेव्हा कळला नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. मी नुसती भांडी आपटत राहिले.

मग आली मंडळाची दिवाळी. एका शाळेचा हॉल, फराळाचे कागदी द्रोण, पोरांचे नाच. आमच्या जुन्या ओळखीच्या एक बाई, मुलगा त्यांना काकू म्हणतो म्हणून मीही इथे काकूच म्हणते, त्यांनी विचारलं, "काय हो, लेक दिसला नाही बऱ्याच दिवसांत?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "दुबईला असतो. कन्सल्टिंग." मी यांच्याकडे बघितलं. हे चकलीकडे बघत होते. आणि मी, खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मी लगेच पुढे ओढलं, "हो ना, इतकं काम आहे की फोन करायला फुरसत नाही मेल्याला."

पुढे ती थाप आपोआप चालायला लागली. कंपनीचा फ्लॅट आहे, एकविसावा मजला. समोर समुद्र. मराठी मेस सापडली आहे. मी इतक्या बारकाईने सांगायचे की कधीकधी मलाच तो फ्लॅट दिसायचा. एकदा काकू म्हणाल्या, "अगं, येईल तेव्हा थोडं केशर आणायला सांग हं, तिकडचं चांगलं असतं." आता आली का पंचाईत! मी आयसेलिनला ओक ट्री रोडवर, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर गेले, दुकानातून केशराची एक डबी घेतली, घरी येऊन तिच्यावरचं दुकानाचं लेबल गरम पाण्याने खरवडून काढलं आणि महिन्याभराने काकूंना नेऊन दिली. "कुरियरने पाठवलं बाई, खास तुमच्यासाठी." काकूंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, मुलगा असावा तर असा.

ज्या आठवड्यात मी ते लेबल खरवडत होते, त्याच आठवड्यात त्याची तुकडी त्या शहरात शिरली. शहराचं नाव मी आजही तोंडाने घेत नाही.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे. तिथल्या जेवणाच्या खोलीत टीव्ही दिवसभर चालू असायचा. आधी सांगितलं की विमानातून पत्रकं टाकली आहेत, लोकांनी शहर सोडून जावं म्हणून. बहुतेक लोक गेले. मग सैन्याने शहराला वेढा घातला. टीव्हीवरचा एक निवृत्त अधिकारी नकाशासमोर उभा राहून काठीने एकेक चौकोन दाखवायचा. इथे बंडखोर लपले आहेत, इथलं घर न् घर तपासायचं आहे, मग हा चौकोन, मग तो चौकोन. एका घरातून दुसऱ्यात जाताना रस्त्यावर येणं धोक्याचं, म्हणून मधली भिंत फोडून पलीकडे जायचं, हेही त्याने अगदी समजावून सांगितलं. दाराआड कुणी बंदूक घेऊन बसलेला असला तर खेळ खलास. नसला तर पुढचं घर. त्या काठीखालच्या कुठल्या चौकोनात माझं पोर आहे हे त्या मेल्याला ठाऊक नव्हतं. मी डबा उघडायचे आणि पोळीचा तुकडा तोंडात तसाच फिरत राहायचा. लॅबमध्ये कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण तिथेही एक मराठी बाई होती.

सकाळी देवापुढे दिवा लावताना मी एकच मागायचे. दुसऱ्या कुणाचं काय व्हायचं ते होऊ दे, माझा तेवढा परत येऊ दे. असंच मागितलंय मी, याच शब्दांत. त्या घरांत राहणाऱ्या माणसांचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

दहा-बारा दिवसांनी त्याचा फोन यायचा. आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे आम्ही दोघं एकदमच बोलायचो आणि एकदमच गप्प व्हायचो. एकदा म्हणाला, "आई, इथली घरं साताऱ्याच्या आजीच्या घरासारखी आहेत. वर गच्ची, गच्चीवर टाकी, अंगणात लिंबोणीचं झाड. किचनमध्ये गेलं की मला माहीत असतं, कुठे काय असेल." साताऱ्याचं घर म्हणजे माझ्या आईचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर. लहानपणी चार-पाच उन्हाळ्याच्या सुट्ट्या तो तिथे राहिला होता, आजीच्या मागेमागे शेपटासारखा. त्याला बोलायचं होतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी म्हटलं, "ते राहू दे रे. जेवतोस ना वेळेवर?"

तो म्हणाला, हो, जेवतो.

तो धडधाकट परत आला. तीन आठवड्यांची रजा होती. विमानतळावर मी त्याला इतका घट्ट धरला की हे म्हणाले, अगं, सोड, लोक बघतायत. हेही रडत होते, पण चष्मा पुसायचं निमित्त करून. वाटलं, सुटलो. आता काही नको. पाचव्या दिवशी, रविवारी, यांनी पंचवीस माणसं जेवायला बोलावली. दुबईहून मुलगा आला म्हटल्यावर बोलवायला नको का? श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात.

सकाळी मी पुऱ्या तळत होते. तो येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "आई, मला तुला एक सांगायचंय. तिकडे एका घरात, किचनमध्ये..."

कढईतलं तेल तापलेलं, माणसं तासाभरात येणार, वाट्या अजून पुसायच्या. आणि खरं कारण तेही नव्हे. खरं कारण म्हणजे मला भीती वाटली. जे असेल ते ऐकल्यावर पंचवीस माणसांसमोर माझा चेहरा जागेवर राहणार नाही, अशी भीती. मी म्हटलं, "पाहुणे जाऊ देत रे, मग निवांत बोलू. जा, शर्ट बदल." आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी थांबले नाही. झारा हातात धरून मी त्याला दुबई शिकवली. एकविसावा मजला, समुद्र, मेस. काकूंना केशर पाठवलंयस, लक्षात ठेव. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ओके."

आणि काय सांगू तुम्हाला, त्याने ते इतकं झकास निभावलं! कुणी विचारलं, तिकडे उन्हाळा फार ना रे? हो काका, फार. ट्रॅफिक? विचारू नका. काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, केशराबद्दल तीनदा सांगितलं, तो म्हणाला, "त्यात काय एवढं, काकू." वाढायलाही तोच. जेवता जेवता कुणीतरी टीव्हीवरच्या बातम्यांचा विषय काढला. काकू म्हणाल्या, "असल्या ठिकाणी मरायला जातं तरी कोण? ज्यांच्या मुलांना अभ्यास जमत नाही तीच जात असणार. आणि मारतात तरी कुणाला, गरिबांना." काकू मनाने वाईट नाहीत हो. सहज बोलल्या. तो त्यांच्याच पानात पुरी वाढत होता. पुरी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेला. मी तिथे चार हातांवर उभी होते, श्रीखंडाचं पातेलं घेऊन. सुभेदाराची पुतणी मी, माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

संध्याकाळी माणसं गेल्यावर मी हात पुसत त्याच्याकडे गेले. "बोल आता. काय सांगत होतास?" तो सिंकपाशी उभा राहून पातेली घासत होता. म्हणाला, "काही नाही, आई. विसरलो." तिसऱ्या आठवड्यात, रजा तीन दिवस शिल्लक असताना, तो गेला. मित्राकडे जायचंय म्हणाला.

पुढे तो आणखी काही वर्षं सैन्यात होता, मग सुटला. मिनेसोटात ईडन प्रेरीजवळ राहतो, लोकांच्या घरातल्या हीटिंगची दुरुस्ती करतो. लग्न केलं नाही. दर रविवारी फोन करतो, बर्फ किती पडलं सांगतो. हे गेले तेव्हा आला, सगळं रीतसर केलं, फ्रीजमध्ये पंधरा दिवसांचं जेवण भरून ठेवून गेला. त्याच्याबद्दल तक्रार करायला जागाच नाही, आणि तेच मला खायला उठायचं. मधेच कधी मी विचारायचे, "तू मला त्या दिवशी काहीतरी सांगणार होतास ना रे?" तो म्हणायचा, "कधी?" मग मीही सोडून द्यायचे. मला वाटायचं, वीस वर्षं झाली, आता खरंच विसरला असेल.

गेल्या शरद ऋतूत त्याचा फोन आला, की सैन्यातल्या मित्राचं लग्न आहे, ओहायोला. उशिराच करत होता बिचारा, चाळिशी ओलांडलेली. "तू येशील का, आई? त्याच्या आईला तुला भेटायचंय." त्याने मला कुठे बोलवायची ही पहिलीच वेळ. मी पैठणी घेतली, काळा कोट घेतला आणि गेले.

लग्न त्यांच्याच घरामागच्या अंगणात होतं. मित्राची आई माझ्याच वयाची, जाडजूड, हसरी बाई. शाळेत स्वयंपाक करायची. तिने मला कडकडून मिठी मारली, थेट स्वयंपाकघरात नेलं आणि समोर बटाटे ठेवले. मला बरं वाटलं. पाहुणीला काम देणारी बाई मला आवडते. आम्ही सोलत बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुझा मुलगा याच खुर्चीत बसला होता. तुमच्याकडून तीन दिवस आधी निघून इथे आला होता तेव्हा."

मी म्हटलं, हो का.

"दोघांनी मला ते सगळं या टेबलाशी सांगितलं. माझा सांगताना रडत होता. तुझा नाही रडला. त्याच्याही हातात मी बटाटे दिले होते, तो सोलत राहिला." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. "मी तुझा पुष्कळदा विचार केला गं. एका आईने ते ऐकणं सोपं नसतं."

तिला वाटत होतं की मला माहीत आहे. मुलगा पहिलं आईलाच सांगणार, असं ती धरून चालली होती. आणि मी, बघा हं माझं, मी मान हलवली. हो, माहीत आहे. तिथेही थाप. म्हणून तर ती पुढे बोलत राहिली, नाहीतर थांबली असती.

घरं तपासताना बाकीचे पलंगाखाली नाहीतर गच्चीवर शोधायचे. माझा मुलगा सरळ स्वयंपाकघरात जायचा आणि धान्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालायचा. एकदोनदा काडतुसं सापडली, तेव्हापासून वरिष्ठ त्यालाच पुढे पाठवायला लागले. ते त्याला कुणी शिकवलं होतं हे ओहायोच्या बाईला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्या आईच्या पाटल्या आयुष्यभर तांदळाच्या डब्यात होत्या. सुट्टीत नातवाला ती हळूच डबा उघडून दाखवायची, हात घाल म्हणायची, सापडल्या की दोघं खुदुखुदु हसायची. चोर सगळं घर धुंडाळेल पण तांदूळ उपसणार नाही, अशी तिची खात्री. माझ्याही आज तिथेच आहेत, न्यू जर्सीत, बासमतीत.

त्या घरी त्याच्या हाताला फडक्याची पुरचुंडी लागली. सोडली तर आत बांगड्या आणि कसलेसे कागद. तेवढ्यात मागच्या खोलीतून एक म्हातारी धावत आली. सगळे शहर सोडून गेले तेव्हा ती गेली नव्हती. पुरचुंडीकडे हात करून ओरडत होती. माझा मुलगाही ओरडला, पण त्याच्या तोंडून इंग्रजी आलं नाही, मराठी आलं. "आजी, थांब!" त्याचा अर्थ त्याने नंतर या बाईला समजावून सांगितला होता. मित्र नुकताच उन्हातून दारात आला होता. त्याला अंधाऱ्या खोलीत फक्त कुणीतरी माझ्या मुलाच्या अंगावर धावून येताना दिसलं. गोळी त्याने झाडली.

"माझा म्हणतो, मी मारलं," ती बाई म्हणाली. "तुझा म्हणतो, मी डबा उघडला नसता तर ती बाहेर आलीच नसती. वीस वर्षं दोघं हेच वाटून घेतायत."

मी हातातला बटाटा पूर्ण सोलला. त्याचे डोळे काढले. मग उठले आणि अंगणात गेले. तो खुर्च्या उलगडून रांगेत लावत होता, कोट काढून, बाह्या वर करून. मी जवळ जाऊन म्हटलं, "मला कळलं. तांदळाच्या डब्याचं."

त्याचे हात थांबले. "ओके," म्हणाला.

"त्या रविवारी तू हेच सांगत होतास."

"हो."

माझा स्वभाव कुठे जाणार? मी तिथेही भांडायलाच लागले. "मग संध्याकाळी मी विचारलं होतं ना तुला? का नाही सांगितलंस? वीस वर्षं पोटात ठेवलंस, आणि परक्या बाईला सांगितलंस!"

तो रागावला नाही. हातातली खुर्ची त्याने नीट उघडून ठेवली. म्हणाला, "सांगून मला एक विचारायचं होतं, आई. की हे ऐकल्यावर तू मला घरात घेशील का. पण तू आधीच दुसरा मुलगा आणला होतास. दुबईचा. ही वॉज अ नाइस बॉय. सगळ्यांना आवडला."

मी त्याचा उजवा हात धरला. दोन्ही हातांनी धरला, कोपरापर्यंत. मला रडू आवरेना. म्हटलं, "घेतलं असतं रे राजा. घेतलं असतं. तेव्हाही आणि आत्ताही. माझाच आहेस तू, माझाच आहेस."

पलीकडून फुलांच्या बादल्या घेऊन माणसं येत होती. त्याने मोकळ्या हाताने माझ्या खांद्यावर थोपटलं, हलकेच, आणि म्हणाला, "थँक यू, आई."

अख्ख्या जन्मात तो मला कधी थँक यू म्हणाला नव्हता. आमच्याकडे आईला म्हणत नाहीत. परक्यांना म्हणतात.